आकाशाची ओळख : उतरायला मोकळीक लागते

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मुलीला वैमानिक व्हायचं असेल, तर माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरून तिला थेट धुळं गाठावं लागतं, नाही तर बारामती किंवा गोंदिया. बॉम्बे फ्लाइंग क्लब मूळचा जुहूचा. त्याच जुहूला 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. तरी क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं. इतक्या लांब राहण्याचा खर्च पालकांना खटकतो, ते रास्तच आहे. पण विमान उतरवणं गर्दीच्या आकाशात नीट शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण खऱ्या सरावाला वेळच फार थोडा मिळतो. उड्डाण, धावपट्टीला समांतर परतणं, वळून फायनल (म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येणं), असं एक सर्किट सेसना 152 सारख्या विमानाला साधारण सहा मिनिटांचं. म्हणजे तासाला दहा. त्यातला फ्लेअर, म्हणजे जमिनीलगत नाक हळूहळू उचलत वेग विरू देणं, जेमतेम दहा सेकंदांचा. तासाभरात शंभर सेकंद सराव! त्यात शरीराची उपजत ओढ चुकीची. जमीन अंगावर येताना नवशिक्या दचकून कंट्रोल ओढतो आणि विमान पुन्हा वर तरंगतं; टेकून उसळलं की तो नाक खाली दाबतो आणि पुढचं नाजूक चाक आधी आपटतं. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवायला इन्स्ट्रक्टर सांगतात ते यासाठीच. दोन्ही कडा रुंदावत वर येऊ लागल्या, की उंची किती उरली ते डोळ्याच्या कोपऱ्याला कळतं.

मग सिम्युलेटर का नको? क्रम आणि रेडिओवरचं बोलणं तिथे जरूर शिकावं, पैसे वाचतात; पण घरच्या सपाट पडद्यावर ही कडेची नजर आणि आसनाखाली विमान खचल्याची जाणीव मिळत नाही. नुसत्या फेऱ्यांनी चूकच अंगवळणी पडेल, हा आक्षेप अधिक वजनदार. त्यावर उपाय गो-अराउंड : वेग किंवा उंची जुळली नाही, की थ्रॉटल पूर्ण देऊन उतरणं सोडायचं. ही माघार न संकोचता घेता यायला आकाश मोकळं हवं. जुहूला ते मिळत नाही : सांताक्रूझ विमानतळ त्याला इतका खेटून आहे, की 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 चुकून जुहूलाच उतरलं.

कल्याणजवळच्या नेवाळीची महायुद्धकालीन धावपट्टी वापरा, असंही सुचवलं जाईल. तिथल्या जमिनी शेतकऱ्यांच्या होत्या. 2017 च्या जूनमध्ये त्या जमिनींसाठी त्यांचं आंदोलन पेटलं. आधी त्यांना न्याय मिळायला हवा. शिवाय मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांच्या वाहतुकीलगत विद्यार्थ्यांना मनसोक्त फेऱ्या मिळणं अवघडच. म्हणून पालकांनी संस्था निवडताना ती घरापासून किती लांब आहे याआधी विचारावं : तासाला सर्किटं किती होतात, आणि गो-अराउंड घेतलेल्या विद्यार्थ्याला शाबासकी मिळते की बोलणी?