घरांतलीं झाडें : कोणतीं ठेवावीं, कशीं जगवावीं

आमचा पेठेंतला वाडा पाडून तेथें इमारत उभी राहिली, त्यास आतां सहा वर्षें झालीं. वाड्याच्या बदल्यांत आम्हांस तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या व उत्तरेकडे तोंड असलेली एक अरुंद गॅलरी मिळाली. अंगणांतला प्राजक्त, कुंपणावरची गोकर्णी आणि वृंदावनांतली तुळस हीं अर्थातच मागें राहिलीं. पुढें दोन वर्षांनीं माझ्या पत्नीच्या मांडीचें हाड मोडलें व दिवसाचा बहुतेक काळ तिला खाटेवर काढावा लागूं लागला. निजल्या ठिकाणाहून एखादें हिरवें पान दृष्टीस पडावें, एवढीच तिची मागणी होती. ती पुरविण्याच्या खटपटींत माझें काय चुकलें व पुढें काय साधलें, हें अशाच घरांत राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

प्रथम मीं रोपवाटिकेंतून आठ झाडें आणलीं आणि रोज सकाळीं स्नान आटोपल्यावर प्रत्येकास तांब्याभर पाणी घालण्याचा नेम धरिला. शाळामास्तराचा नेम तो. त्यांत खाडा पडावयाचा नाहीं! आषाढांत पानें मलूल दिसूं लागलीं, तेव्हां त्यांस तहान लागली असें समजून सायंकाळचा दुसरा तांब्या सुरू केला. श्रावण सरण्यापूर्वींच आठांपैकीं सात झाडें गेलीं. एक कुंडी उपडी करून पाहिली, तों मुळें काळीं, बुळबुळीत आणि दुर्गंधीनें भरलेलीं. मुळांनाहि श्वासासाठीं हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळींत ती असते. त्या पोकळींत सदैव पाणीच भरून राहिलें म्हणजे मुळें गुदमरतात व कुजतात. कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं, म्हणून वरचीं पानें तहानेल्या झाडाप्रमाणेंच माना टाकतात. येथेंच आपण फसतों आणि बुडत्याच्या तोंडांत आणखी पाणी ओततों.

शरमेची गोष्ट अशी कीं, हा धडा मला नवा नव्हता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकांतील बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. लावलेल्या वृक्षांस उन्हाळ्यांत सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यांत दिवसाआड आणि पावसाळ्यांत भूमि सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें तो सांगतो. हा नियम उघड्यावरच्या वृक्षांचा आहे. घरांतल्या कुंडीस उन्हाळ्यांतहि दोन वेळां पाणी मानवावयाचें नाहीं. परंतु त्यांतला शेवटचा भाग कुंडीला बाराहि महिने लागू पडतो. तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास तें आठवूं नये! पत्नी मात्र एका वाक्यांत म्हणाली, "अहो, तहान लागली कीं नाहीं हें मातीला विचारा, घड्याळाला काय विचारतां?" तेव्हांपासून मी बोटाचीं दोन पेरें मातींत खुपसून पाहतों, ओल लागली तर तांब्या परत नेतों. कुंडी मातीची असावी व तिच्या बुडाशीं भोंक असावें. रोपवाटिकेंतलें झाड पुष्कळदां नुसत्या नारळाच्या भुश्यांत लावलेलें असतें व तो भुसा पाणी धरून ठेवतो. म्हणून तांबडी माती, वाळू व जुनें शेणखत घालून तें नव्यानें लावावें हें बरें.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्या डोळ्यांस खोली उजळ दिसते, पण झाडाचा हिशेब निराळा असतो. खिडकीपासून चार हात आंत गेलें कीं उजेड फारच घटतो. दिवा न लावतां दुपारीं जेथें वर्तमानपत्र सुखानें वाचतां येत नाहीं, तेथें झाड ठेवूं नये, ही माझी कसोटी.

आठांतून जें एक झाड वांचलें, तें 'स्नेक प्लांट' म्हणून मिळणारें, पट्ट्यापट्ट्यांच्या तरवारीसारख्या पानांचें. मूळचें तें पश्चिम आफ्रिकेचें. पानावरचीं सूक्ष्म छिद्रें तें दिवसा मिटून घेतें व रात्रीं उघडतें, त्यामुळें त्याचें पाणी फारसें उडत नाहीं. धनुष्याच्या दोरीस संस्कृतांत मौर्वी म्हणतात, कारण ती मूर्वा नांवाच्या वनस्पतीच्या वाखाची वळीत. ती मूर्वा नक्की कोणती याविषयीं पंडितांत मतभेद आहेत, पण ह्या झाडाची एक भारतीय बहीण त्या मानाची एक दावेदार आहे. 'झेड-झेड' हें पूर्व आफ्रिकेचें झाडहि तसेंच सोशीक आहे. बटाट्यासारख्या कंदांत तें पाणी सांठवून ठेवतें. पंधरा दिवस मुलाकडे जाऊन यावें, तरी त्याची तक्रार नसते.

मनी प्लांट तर घरोघरीं आहेच. चोरून आणला तरच तो वाढतो ही समजूत कोणी पसरविली कोण जाणे. मीं पैसे मोजून आणलेला वेलहि दारावर चढला आहे. मात्र बाटलींत तो ठेवणारांनीं पाणी दर आठवड्यास बदलावें व बाटली आंतून घांसावी. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ पाण्याच्या कांठाला अंडीं चिकटवितो आणि तीं कोरडीं पडलीं तरी महिनोन् महिने टिकतात. कुंडीखालच्या बशीचेंहि तेंच.

लहान मूल असलेल्या घरीं आणखी जपावें. त्याच पावसाळ्यांत आमच्या दोन वर्षांच्या नातवानें डिफेनबाकियाचें पान चावलें. ठिपक्यांचीं तीं रुंद पानें मीं हौसेनें खालींच ठेविलीं होतीं. ओंठ सुजले, लाळ थांबेना, पोर रडूनरडून दमलें. मी तोंड धुवून त्यास तसाच डॉक्टरांकडे नेलें. रात्रीपर्यंत सूज उतरली, पण ते चार तास मी विसरणार नाहीं. त्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूनें घसा खाजतो तो त्यांनींच, आणि म्हणून सुगरण फदफद्यांत चिंच घालते. मनी प्लांटांतहि ते असतात. तो मुलांच्या हाताबाहेर, उंच टांगावा. डिफेनबाकिया मीं घराबाहेर काढला.

झाडें घरांतली हवा शुद्ध करतात असें विक्रेते सांगतात. १९८९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून ही कल्पना रूढ झाली. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां खिडकीच्या वाऱ्याइतकें काम होण्यास दर चौरस मीटर जागेस दहापासून हजारपर्यंत झाडें लागतील असें दिसलें. तेव्हां खिडकी उघडावी आणि झाड डोळ्यांच्या सुखासाठीं ठेवावें.

तुळस ह्या यादींत नाहीं. तिला दिवसाचें पांच-सहा तास ऊन हवें. उत्तरेच्या गॅलरींत दोन तुळशी माझ्या हातून गेल्या. आतां ती इमारतीच्या गच्चीवर आहे. मी सकाळीं वर जाऊन तिला पाणी घालतों आणि एक मंजिरी पत्नीच्या उशाशीं आणून ठेवतों.

तिच्या खाटेजवळच्या खिडकींत मात्र क्लोरोफायटम आहे : दक्षिण आफ्रिकेंतलें, गवतासारख्या पांढऱ्या-हिरव्या पानांचें. आपली सफेद मुसळी त्याच्याच कुळांतली, आणि तिच्या शास्त्रीय नांवांत आपली बोरिवली आहे. ह्या झाडाला लांब दांडे फुटतात व त्यांच्या टोकांशीं लहान लहान पिलें लोंबतात. मातीवर टेंकवलीं कीं तीं मूळ धरितात. पत्नी तीं निजल्यानिजल्या मोजते. गेल्या आठवड्यांत सात भरलीं. त्यांतलीं दोन समोरच्या वहिनींना द्यावयाचीं, एक सुनेला, एक दूधवाल्याच्या मुलीनें मागितलें आहे. उरलेल्या तिहींसाठीं कुंड्या आणावयास मला उद्यां कुंभारवाड्यांत जावयाचें आहे.