वीजजोडणीतील चिन्हे आणि त्यांची प्रमाणता

१. जुने घर विकत घेणारा गृहस्थ खरेदीखत शब्दशः वाचून पाहतो. चतुःसीमा, बोजा, थकलेला कर यांविषयी तो वकिलाचा सल्ला घेतो. भिंतीत गाडलेल्या वीजतारांविषयी मात्र खरेदीखत सामान्यतः काहीच बोलत नाही. त्यांच्या सुरक्षिततेविषयीचे आपले मत तो काही बाह्य चिन्हांवरून बनवितो : तारांचा रंग, सॉकेटचे तिसरे छिद्र, नवी स्विचपेटी. ही चिन्हे कितपत प्रमाण मानावीत, आणि ती प्रमाण नसतील तर कोणत्या क्रमाने काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

२. चिन्हांचे दोन प्रकार प्रथम वेगळे केले पाहिजेत. धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण होय. तेथे चिन्ह आणि चिन्हित वस्तू यांच्यामध्ये कार्यकारणसंबंध असतो. शब्द आणि वस्तू यांच्यामध्ये असा संबंध नसतो. असतो तो केवळ समाजाने मान्य केलेला संकेत. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांच्या वर्गीकरणात हाच भेद केला आहे. संकेताची प्रमाणता तो पाळणाऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून असते, आणि जुन्या घरात निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कारागिरांनी हात घातलेला असतो.

३. रंग हा असाच संकेत आहे. भारतात भिंतीतील पक्क्या वायरिंगसाठी फेजला तांबडा, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा रंग योजण्याची पद्धत आहे. उपकरणाच्या लवचीक वायरीत मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी असते. म्हणजे एकच निळा रंग एका ठिकाणी फेजचा, तर दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रलचा वाचक ठरतो. त्यात हाताशी उरलेल्या कोणत्याही रंगाची तार वापरून काम उरकण्याची सवय मिसळली म्हणजे रंगावरून तारेची ओळख पटविणे धोक्याचे होते.

४. तिसऱ्या छिद्राचे प्रकरण याहून गंभीर आहे. ‘अर्थ’ हा कारागिरांच्या बोलीतील शब्द इंग्रजीतून आला. त्याचा आपल्या ‘अर्थ’ या शब्दाशी संबंध केवळ ध्वनिसाम्याचा आहे. ‘घरात अर्थिंग आहे’ या वाक्याने पुष्कळदा एवढेच अभिप्रेत असते की, सॉकेटांना तीन छिद्रे आहेत. मागे तार नसेल, तर ते छिद्र म्हणजे वस्तूवाचून उरलेला शब्दच होय. काही ठिकाणी तर सॉकेटच्या आतच न्यूट्रलची तार अर्थच्या छिद्राला जोडून दिलेली आढळते. तेथे फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरलेला चाचणीचा दिवा उजळतो आणि अर्थिंग असल्याचा समज दृढ होतो. परंतु मागे कोठे न्यूट्रल तुटली, तर चालू उपकरणांतून फेजचा दाब तिच्या तुटलेल्या भागावर येतो आणि या जोडातून फ्रिजच्या पत्र्यावर पोचतो. मग ज्या तारेने संरक्षण करावयाचे, तीच २३० व्होल्टचा धक्का देते.

५. नव्या स्विचपेटीविषयीही असाच गैरसमज असतो. तिच्यातील एमसीबी हा तारेला अतिभारापासून व शॉर्ट सर्किटपासून वाचवितो. माणसाच्या शरीरातून काही शतांश अँपिअर प्रवाह गेला तरी प्राणावर बेतू शकते. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे साधन लागते. जाणारा व परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते पुरवठा तोडते. तसेच बारीक तारेवर मोठ्या अँपिअरचा एमसीबी बसविला, तर तार तापूनही तो पडत नाही. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हे येथे लक्षात ठेवावे. जुन्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालण्याचा परिणामही हाच होय.

६. याउलट काळवंडलेले सॉकेट, जळकट वास, गीझर लावताच मंद होणारे दिवे, नळाला किंवा पत्र्याला हात लागताच जाणवणाऱ्या झिणझिण्या ही धुराच्या जातीची चिन्हे आहेत. ती कोणाच्या शिस्तीवर अवलंबून नसल्यामुळे त्यांची उपेक्षा कधीही करू नये. परंतु ती दिसत नाहीत म्हणून दोष नाही, असे मात्र म्हणता येत नाही. जुन्या रबरी आवरणाच्या तारा लाकडी पट्टीखाली ठिसूळ होऊन पडलेल्या असतात आणि हात लागेपर्यंत काहीही कळत नाही.

७. यास्तव पुढील क्रम पाळणे इष्ट होय. राहावयास जाण्यापूर्वी, रंगकाम व फर्निचर होण्याच्या आधी, परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी करवावी. जेथे झिणझिण्या किंवा जळकट वास जाणवतो, तेथील पुरवठा मुख्य स्विचवरून त्वरित बंद ठेवावा. तारांच्या आवरणाचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा. तो १ मेगओहमपेक्षा कमी भरल्यास ते वायरिंग वापरू नये. अर्थचा रोध स्वतंत्रपणे मोजावा आणि प्रत्येक सॉकेट उघडून पाहावे. निऑन टेस्टरचा दिवा फेजचा दाब सुचवितो. अर्थ शाबूत असल्याचा तो पुरावा नव्हे. खर्च एकदम झेपत नसेल, तर प्रथम अर्थ व आरसीसीबी, नंतर गीझर व स्वयंपाकघर यांच्या तारा आणि शेवटी दिवे-पंखे, असे टप्पे पाडता येतात. मात्र आवरण गेलेली तार कोणत्याही टप्प्याची वाट पाहत ठेवू नये.

८. काम पुरे झाल्यावर कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, तारेची जाडी किती, काम कोणत्या वर्षी झाले, हे स्विचपेटीच्या झाकणाच्या आत मराठीत लिहून ठेवावे आणि मोजणीचे आकडे खरेदीखताबरोबर जपावेत. खरेदीखत ज्याविषयी मौन पाळते, ते पुढच्या रहिवाशाला त्यावरून वाचता येईल. आणि मोजून लिहिलेले असल्यामुळे त्यावर विसंबताही येईल.