विळ्यासारखी पेशी

मुलांनो, आपल्या अकोटहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याचे डोंगर दिसतात. तिथल्या मेळघाटात आणि विदर्भात इतरत्रही सिकलसेल हा आजार आढळतो. सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबडी पेशी गोल व मऊ असते; बारीक रक्तवाहिनीतूनही ती सहज सरकते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते व वाटेतच अडकते. मग हातापायांत असह्य कळा येतात. चांगली पेशी सुमारे 120 दिवस टिकते; ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते.

पेशी वाकडी का होते? तिच्यात हिमोग्लोबिन असते. त्यातील एक साखळी म्हणजे 146 मण्यांची माळच समजा. 1957 साली इंग्लंडमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दाखवून दिले, की या माळेतला एकच मणी बदललेला असतो. तो सहावा मणी. एवढ्याशा चुकीने माणूस अंथरुणाला खिळतो!

ही चूक आईवडिलांकडून येते, एका ताटात जेवल्याने नव्हे. एकाकडूनच आली तर मूल केवळ वाहक असते, सहसा आजारी पडत नाही. तरीही मुलीचे लग्न मोडेल या भीतीने काही घरे तपासणी टाळतात. मला हे पटत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारात एक असते. ते आधी कळलेले बरे.

सरकारी पैशाने चालणाऱ्या मुंबईच्या एका संशोधन संस्थेने नागपुरात नवजात बाळांचे रक्त तपासले. आजार लवकर कळला की बाळाला जंतुसंसर्गापासून जपता येते. पुढे हायड्रॉक्सियुरिया या औषधाने कळाही कमी होतात. तपासणीला बोटातले थोडेसे रक्त पुरते.