मुलाचा पिंड आणि त्याचा खेळ

स्वभावाला औषध नाही, असे मोठ्यांविषयी आपण सहज म्हणतो. मुलांविषयी मात्र आपला निवाडा निराळा असतो. मूल घुमे निघाले तर आईने लाडावले. दांडगट निघाले तर बापाचा धाक नाही. हा निवाडा तपासून पाहण्याजोगा आहे.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ साली न्यूयॉर्क येथे हे काम हाती घेतले. मध्यमवर्गीय घरांतील १३३ मुलांचा त्यांनी तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. हालचालीचा जोर, झोप-भुकेची नियमितता, नव्या गोष्टीकडे झेपावणे किंवा मागे सरणे, यांतले फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतात, असे त्यांना आढळले. सुमारे ४० टक्के मुले सहज रुळणारी, १५ टक्के सावकाश रुळणारी, १० टक्के बिकट आणि बाकीची मिश्र पिंडाची होती.

आता खेळाकडे पाहू. सहज रुळणारे मूल पहिल्याच दिवशी घोळक्यात शिरते. सावकाश रुळणारे कडेला उभे राहून पाहते. मिल्ड्रेड पार्टेन या विदुषींनी १९३२ साली खेळाचे प्रकार मांडले, त्यांत असे पाहणे हाही एक प्रकार आहे. अशा मुलाला ढकलले तर ते आणखी मागे सरते. तोच डाव रोज पाहावयास मिळाला तर बहुधा आपणहून उतरते. बिकट पिंडाचे मूल हरले की डाव मोडते. मग सवंगडी त्याला टाळतात आणि ते अधिकच चिडते. हे चक्र थांबविण्यास शांत डोक्याचे मोठे माणूस लागते.

तरी पिंड म्हणजे नशीब नव्हे. घरचे वागणे मुलाच्या पिंडाशी जुळले, तर बिकट मूलही निभावते, असा या दांपत्याचा निष्कर्ष आहे.

त्यांनी पोर्तो रिकोहून आलेल्या कामकरी कुटुंबांतील मुलेही पाहिली. तेथे मुलांच्या अतिचळवळेपणाची तक्रार फार अधिक होती. घरे लहान, रस्ते धोक्याचे. म्हणून मुलांना घरातच ठेवावे लागे.

हे वाचताना आम्हांस आमच्या वस्त्या आठवल्या. खोली एक, रात्रपाळीचा बाप झोपलेला, आणि धावऱ्या पोराला दिवसभर ‘गप्प बस’. संघटनेच्या कामात आम्ही पगारवाढीच्या जोडीने मैदान आणि बालवाडी मागतो, ते यासाठीच. पोर त्रास देते म्हणणाऱ्याने आधी एवढेच पाहावे, की त्याला धावावयास जागा आहे काय?