पेशीला आलेला सांगावा

स्तनाच्या कॅन्सरने बाई जाते ती सहसा स्तनातल्या गाठीमुळे नव्हे. ती गाठ काढता येते, त्या जागेला किरणांचा शेक देता येतो. जीव घेतात त्या गाठीतून सुटून हाडांत, फुफ्फुसांत, यकृतात, मेंदूत जाऊन बसलेल्या पेशी. त्या सुटतात कशा आणि परक्या जागी तगतात कशा, हा या रोगातला कळीचा प्रश्न. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत त्याची जी उत्तरे हाती आली, त्यांतली बरीचशी पेशीच्या रिसेप्टरांपाशी येऊन थांबतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. मलकापूर, बांबवडे, आंबा ही रस्त्यावरची गावे. पण विशाळगडाकडच्या डोंगरातल्या वाड्या-धनगरवाड्यांतून दवाखान्यापर्यंत यायचे म्हणजे कामाचा दिवस बुडतो. ऐन रोप लागणीत न दुखणाऱ्या गाठीकडे बघायला बाईला सवड नसते, आणि ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. पुढे काखेतही गाठ हाताला लागते, तेव्हा कोल्हापूर गाठले जाते. तुकडा काढतात, काही दिवसांनी कागद येतो. घरचे लोक स्टेज विचारतात. त्याच कागदावर ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन नोंदी असतात, त्यांच्याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या स्टेजइतक्याच मोलाच्या आहेत.

रिसेप्टर हे एक प्रथिन असते. ठरावीक रेणूच नेमका बसेल असा त्याचा आकार असतो. काही रिसेप्टर पेशीच्या आवरणात असतात, काही आत केंद्रकात. रक्तातून आलेले संप्रेरक तिथे बसले की प्रथिनाचा आकार बदलतो, आतली साखळी जागी होते आणि काही जनुके चालू होतात, काही बंद. पेशीला सांगावा मिळतो: वाढ, थांब, शेजारणीला धरून राहा, नाहीतर सरक. मुलगी वयात येताना, गरोदरपणी, दूध येताना निरोगी स्तन याच सांगाव्यांवर चालतो. कॅन्सरची पेशी हीच यंत्रणा वापरते. फक्त तिच्या बाबतीत थांबण्याचे सांगावे कमी पडतात आणि वाढण्या-सरकण्याचे अतोनात वाढतात.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या. २४१ जणींच्या यकृतात रोग पोचला होता, प्लीहेत फक्त १७ जणींच्या. रक्त दोन्हीकडे जाते, मग हा फरक का? त्यांनी बी आणि जमिनीचा दाखला दिला. भाताचा तरवा टाकणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. त्या जमिनीत नेमके काय असते, याचा एक धागा २००१ मध्ये हाती आला. स्तनाच्या कॅन्सर पेशींवर सीएक्ससीआर-४ नावाचा रिसेप्टर भरपूर आढळला, आणि त्याला जागे करणारा रेणू फुफ्फुस, यकृत, अस्थिमज्जा आणि लसिकाग्रंथींत भरपूर तयार होतो. सुटलेली पेशी त्या रेणूच्या मागावर सरकत जाते.

स्कॉटलंडच्या जॉर्ज बीटसन यांनी तर रिसेप्टर हा शब्दही नव्हता तेव्हा, १८९६ मध्ये, पसरलेल्या रोगात अंडाशये काढली की काही स्त्रियांच्या गाठी विरतात हे दाखवून दिले. काहींच्याच का, हे कळायला साठेक वर्षे गेली. शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खुणेचे इस्ट्रोजेन वापरून त्याला धरून ठेवणारे प्रथिन शोधले. ज्या गाठीत ते असते तिचाच दाणापाणी इस्ट्रोजेन तोडल्यावर बंद होतो.

आपल्याकडे त्याच काळात मुंबईत परळला कमल रणदिवे काम करत होत्या. त्या १९१७ साली पुण्यात जन्मल्या, डॉ. व. रा. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांतल्या स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांच्याशी असलेला संबंध तपासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी घरांत त्यांचे नाव आजही पुरेसे माहीत नाही, याचे मला वाईट वाटते.

कागदावरची पहिली नोंद, ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. तो असेल तर रोग बहुधा सावकाश चालतो, हाडाकडे जास्त ओढ घेतो, आणि दहा-पंधरा वर्षांनीही परत उठू शकतो. म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षे चालू ठेवतात. ही गोळी त्याच रिसेप्टरवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. ती स्वस्त आहे, पण अंगात गरम वाफा येतात, आणि बाईला आता काही होत नाही असे वाटते. मग दुसऱ्या वर्षी गोळी सुटते. गोळी मध्येच सोडली की परतण्याचा धोका वाढतो. दुसरी नोंद पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. हर-टू ही नोंद पेशीच्या आवरणातल्या रिसेप्टरची. सुमारे १५ ते २० टक्के गाठींत त्याचे प्रमाण बेसुमार वाढलेले असते आणि बाहेरून कुणी सांगावा न आणताही तो आपसात जोडी करून आत हुकूम सोडत राहतो. अशा रोगाची मेंदूकडेही धाव असते. त्याला अडवणारे ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झाले. भारतीय बनावटीचे त्यासारखे औषध २०१४ पासून मिळू लागल्यावर खर्च उतरला. तिन्ही नोंदी निगेटिव्ह असतील तर या वाटा बंद होतात. आपल्या देशात असे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते आणि तिथे केमोवरच मोठी भिस्त ठेवावी लागते.

पण मला अधिक लिहायचे आहे ते शस्त्रक्रियेच्या घटकेबद्दल. 'सुई लावली, तुकडा काढला की कॅन्सर पेटतो' ही भीती गावोगाव आहे, आणि तिच्यापायी बायका महिनेच्या महिने घालवतात. तपासणीच्या सुईने आयुष्य कमी होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. मात्र मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींना काही सांगावे जात असावेत, आणि ते बदलता येतील का, हा प्रश्न एका मराठी शल्यविशारदाने तीस-पस्तीस वर्षे लावून धरला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे पुढे संचालक झालेले डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाईज रुग्णालयात होते, तेव्हा त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक निरीक्षण मांडले. पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांपैकी ज्यांची शस्त्रक्रिया पाळी सुरू झाल्यानंतर तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत झाली, त्यांतल्या ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. इतर दिवसांत झालेल्यांत ८४ टक्के. तिसऱ्या ते बाराव्या या दिवसांत इस्ट्रोजेन असते, पण त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन नसते. नंतर इतरांच्या अभ्यासांत हा फरक कधी दिसला, कधी नाही. वाद रंगला.

बडव्यांनी वादावर न थांबता चाचणी घेतली. परळला १,००० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले. २०११ मध्ये निकाल आला. सगळ्यांचा मिळून फरक ठाम नव्हता. पण काखेतल्या गाठींत रोग पोचलेल्यांत पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या ६५.३ टक्के होत्या, इंजेक्शन न घेतलेल्यांत ५४.७. हा एका गटाचा निकाल आहे, त्यावर उपचाराचा नियम बांधता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण काखेत गाठ घेऊन उशिरा येणारी बाई हीच तर आपल्या डोंगरी तालुक्यांची रुग्ण.

पुढे टाटा स्मारकाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने पेशींत डोकावून पाहिले. प्रोजेस्टेरॉन दिल्यावर एसजीके-१ आणि एनडीआरजी-१ ही जनुके जोरात चालू होतात, पेशीला पुढे ढकलणाऱ्या ईजीएफआर रिसेप्टरची साखळी मंदावते आणि पेशींचे सरकणे कमी होते. आश्चर्य असे, की पीआर निगेटिव्ह पेशींतही हे घडले. कागदावरची ती नोंद म्हणजे पेशीची सगळी गोष्ट नव्हे, हे त्यातून कळते.

बडव्यांची दुसरी चाचणी पहिलीहून साधी. देशातल्या अकरा केंद्रांवर १,५८३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अर्ध्या जणींच्या गाठीभोवती, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटे आधी, अर्धा टक्का लिग्नोकेन टोचले. हे भूल देणारे औषध पेशीच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करते. हे मार्ग काटेकोर अर्थाने रिसेप्टर नव्हेत, पण कॅन्सर पेशीच्या सरकण्यात त्यांचाही हात असतो. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४. हा निकाल २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला. जगात लाखोंच्या औषधांची चर्चा होते, त्यात शंभर रुपयांच्या आतल्या या औषधाची बातमी दोन दिवसांत विरली. याचा मला राग येतो. पेटंट नसलेल्या औषधाचा प्रचार करायला कुणाचा प्रतिनिधी दारोदार फिरत नाही.

यातले काही शाहूवाडीपर्यंत पोचायचे तर सुरुवात त्या तुकड्यापासून करावी लागेल. काढलेला तुकडा तासाभरात पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, किंवा त्यात दोन-चार दिवसांवर तसाच राहिला, तर रिसेप्टर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग ज्या बाईला दिवसाला काही रुपयांची गोळी लागू पडली असती, तिला ती मिळतच नाही. तुकडा काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ बाटलीवर लिहायला पैसा लागत नाही. तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनतपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे, आशाताई घरोघर जातात. मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या टाटा स्मारकाच्या अभ्यासात, प्रशिक्षित कार्यकर्तीच्या नुसत्या हाताने केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. आंब्याच्या वाडीवर मॅमोग्राफी यंत्र चढणार नाही, शिकवलेला हात चढू शकतो.

आणि लिग्नोकेन? ते तर दाढ काढायला, टाके घालायला ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात आजही असते. कोल्हापूर-मिरजेच्या शस्त्रक्रियागृहांतही ते हाताशी आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरताना घरच्यांनी सर्जनला सरळ विचारावे: गाठीभोवती ते इंजेक्शन देणार का, आणि ईआर-पीआर-हर-टूचा रिपोर्ट आला का?