कर्णा : शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा शब्द

१४ एप्रिल असो वा धम्मचक्र प्रवर्तन दिन, यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या सभांत खांबावर बांधलेला कर्णा सर्वांच्या परिचयाचा आहे. वक्त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नुसता नाद, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून त्याची रचना येथे समजून घेऊ.

कर्ण्याच्या मागे मंडपवाले ज्याला 'युनिट' म्हणतात तो भाग असतो. त्यात चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला पातळ पडदा असतो. विद्युत्प्रवाहाने पडदा कंप पावतो. त्याच्यासमोरची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असल्याने हवा दाबली जाते. मात्र पडद्याच्या मध्यातून व कडेतून निघालेल्या तरंगांनी असमान अंतर कापले, तर उंच स्वर परस्परांना क्षीण करतात. म्हणून चांगल्या युनिटमध्ये खाचांचा ठोकळा बसवून ही अंतरे सारखी केलेली असतात.

उघडा पडदा हलला की हवा बाजूला सरकते. तिच्यात फारशी शक्ती उतरत नाही. क्रमाने रुंदावणारा कर्णा अरुंद वाटेतील मोठा दाब बाहेरच्या मोकळ्या हवेशी जुळवून देतो. साध्या स्पीकरमध्ये विजेचा सुमारे एक टक्का ध्वनी होतो. कर्ण्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते.

आता दिशेचा विचार करू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २५० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सव्वा मीटरहून अधिक, तर ३४०० हर्ट्‌झच्या स्वराची केवळ १० सेंटिमीटर. अर्ध्या मीटर तोंडाचा कर्णा लांब तरंगांना आवरू शकत नाही. ते सर्वत्र पसरतात. 'स', 'श', 'च' ओळखू येण्यास लागणारे उंच स्वर मात्र समोरच झोतासारखे जातात.

एका वर्षी आमच्या कार्यक्रमात कर्णे रस्त्याकडे तोंड करून बांधले गेले. बाजूला बसलेल्या माता-भगिनींना आवाज ऐकू आला, भाषण कळले नाही. आवाज वाढवूनही उपयोग झाला नाही. कर्णे श्रोत्यांकडे वळवून किंचित खाली झुकविले, तेव्हा कमी आवाजातही शब्द स्पष्ट झाले.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पहाटेची वंदना आम्ही कर्ण्याविनाच म्हणतो. दिवसाच्या सभेत मात्र आमचा एकच नियम आहे : आवाज वाढविण्यापूर्वी कर्ण्याचे तोंड कोणाकडे आहे, ते पाहावे.