पुराव्याचे ओझे कुणावर?

अणुबॉम्बचे नाव काढले की जगभरचे पुढारी गंभीर चेहरे करतात. पण अणुइंधनाच्या कारखान्यात उरलेल्या युरेनियमची गोळी बनवून ती दुसऱ्याच्या देशात, त्याच्या शेतात आणि रस्त्यावर झाडली तर कोणताही आंतरराष्ट्रीय करार तिला नाव घेऊन गुन्हा म्हणत नाही. डिप्लिटेड युरेनियमच्या शस्त्रांचा वाद १९९१ च्या आखाती युद्धापासून चालू आहे. हा वाद डॉक्टरांचा आहे असे आपल्याला भासवले जाते. माझ्या मते तो मुळात पुराव्याच्या कायद्याचा वाद आहे.

आधी हे शस्त्र काय आहे ते पाहू. निसर्गातल्या युरेनियममध्ये अणुभट्टीला उपयोगी असे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. ते काढून घेतल्यावर मागे जो ढीग उरतो तो डिप्लिटेड युरेनियमचा. त्याची किरणोत्सर्गिता नैसर्गिक युरेनियमपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते, हे मान्य केले पाहिजे. तो अणुबॉम्ब नव्हे; त्याला अणुबॉम्ब म्हणून आपलेच काही मित्र प्रतिपक्षाच्या हाती आयते कोलीत देतात. लष्कराला तो हवा असतो तो वजनासाठी. शिशापेक्षा तो दीडपटीहून जड आहे, रणगाड्याच्या चिलखतात घुसताना बोथट न होता अधिक टोकदार होत जातो आणि पेट घेतो. शिवाय कचरा म्हणून पडलेलाच असल्याने माल स्वस्त. पेटल्यावर जी बारीक धूळ उडते ती मात्र श्वासातून फुप्फुसात जाते. किरणोत्सर्गाचे बाजूला ठेवले तरी युरेनियम हा जड धातू मूत्रपिंडाला घातकच असतो.

१९९१ मध्ये इराक आणि कुवेतच्या भूमीवर अमेरिकेने सुमारे ३०० टन झाडले. मग बोस्निया, १९९९ मध्ये कोसोव्हो, २००३ मध्ये पुन्हा इराक. २०१५ मध्ये सीरियात तेलाच्या टँकरांवरही याच गोळ्या वापरल्याचे अमेरिकेने २०१७ मध्ये कबूल केले. टँकर म्हणजे रणगाडा नव्हे. चिलखत फोडण्यासाठीच हे शस्त्र आहे हे समर्थन तेथे उरतेच कुठे?

आता पुराव्याकडे येऊ. बसऱ्याचे डॉक्टर नव्वदच्या दशकापासून कर्करोग आणि व्यंग असलेली बालके वाढल्याचे सांगत आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने इराकी आरोग्य खात्याने केलेल्या पाहणीने २०१३ मध्ये असामान्य वाढ नसल्याचे जाहीर केले, आणि त्या पाहणीच्या पद्धतीवरच शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. ज्या अमेरिकी सैनिकांच्या अंगात आपल्याच गोळ्यांचे तुकडे राहिले, त्यांच्यावर बाल्टिमोरमध्ये १९९० च्या दशकापासून लक्ष ठेवले गेले. त्यांच्या लघवीत युरेनियम वाढलेले आढळते. मूत्रपिंडाचा मोठा विकार मात्र आढळलेला नाही. इटलीत सरकारनेच नेमलेल्या समितीला २००१ मध्ये बाल्कनमधून परतलेल्या सैनिकांत हॉजकिन लिम्फोमा अपेक्षेपेक्षा जास्त दिसला, पण कारण सिद्ध झाले नाही. तरीही तिथल्या न्यायालयांनी पुढे अनेक आजारी सैनिकांना भरपाई मंजूर केली.

बारकाईने पाहा. सैनिकाची लघवी तपासली जाते, त्याची फाईल असते, त्याला वकील मिळतो. त्याच युद्धात जळक्या रणगाड्यातले लोखंड भंगारात विकणाऱ्या इराकी पोराचे काय? त्याच्या शरीरात काय गेले हे कुणी मोजलेच नाही. आणि मग न मोजल्यामुळे जे कागदावर आले नाही, तेच 'पुरावा नाही' म्हणून त्याच्या तोंडावर फेकले जाते. कोर्टात एखाद्या पक्षकाराने महत्त्वाचा दस्तऐवज दडवून ठेवला तर न्यायाधीश त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतो. येथे दस्तऐवज दडवणाराच निर्दोष ठरतो!

हा दस्तऐवज म्हणजे गोळ्या कुठे झाडल्या त्या जागांची यादी. कोसोव्होत राष्ट्रसंघाच्या पर्यावरण पथकाला ती मिळाली तेव्हा वर्ष उलटून गेले होते. इराकमधील हजाराहून अधिक अमेरिकी विमानफेऱ्यांचा तपशील २०१६ मध्ये जगासमोर आला, तोही डच शांतता संघटना पॅक्सच्या खटपटीमुळे. त्यात रणगाड्यांबरोबर ट्रक होते, इमारती होत्या.

कायदेतज्ज्ञांची कामगिरीही अभिमानाने सांगावी अशी नाही. २००० मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांपुढे हा प्रश्न आला, तेव्हा या गोळ्यांवर बंदी घालणारा विशिष्ट करार नाही असे म्हणून चौकशीच उघडली गेली नाही. खरे तर १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातील कलम ३६ नवे शस्त्र वापरण्यापूर्वीच ते कायद्यात बसते का हे तपासण्याची जबाबदारी शस्त्र बाळगणाऱ्यावर टाकते. अमेरिकेने त्या करारावर सही केली, पण तो मंजूर केला नाही. आपल्या देशानेही तो स्वीकारलेला नाही, हेही लपवण्याचे कारण नाही. मात्र आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सांगितले की, पर्यावरणाला अपाय होत नाही हे सिद्ध करण्याचे ओझे कारखानदारावर आहे. तामिळनाडूतल्या कातडी कमावणाऱ्या कारखानदाराला जो नियम लागतो, तो युरेनियम झाडणाऱ्या हवाई दलाला का लागू नये?

बेल्जियमने २००७ मध्ये कायदा करून बंदी घातली, २०११ मध्ये कोस्टारिकाने. त्याच २००७ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेत या शस्त्रांच्या परिणामांविषयीच्या ठरावाच्या बाजूने १३६ देश उभे राहिले. अमेरिका, ब्रिटन, इस्रायल विरोधात. त्यानंतरही असे ठराव होत राहिले. आणि २०२३ मध्ये ब्रिटनने, पाठोपाठ अमेरिकेने, युक्रेनला हाच दारूगोळा दिला. रशियाने त्यावर मोठा थयथयाट केला. सोव्हिएत काळापासून आपणही हीच गोळी बनवत आलो हे सांगायला मात्र तो विसरला.

इराक सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रसंघाकडे जागतिक बंदीची मागणी केली होती. बंदी येईल तेव्हा येईल. गोळी झाडणाऱ्याने नकाशा द्यावा, मातीची आणि विहिरींची तपासणी स्वतःच्या खर्चाने करावी आणि भंगार उचलून न्यावे, एवढे बंधन घालायला कोणत्याही प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. रॉयल सोसायटी या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या संस्थेने, बहुतेक सैनिकांना धोका कमी आहे असे म्हणूनही, २००३ मध्ये इराकमधील गोळ्या उचलण्याची मागणी केलीच होती.